मायकेल फॅरडे : लोहाराचा मुलगा आणि सोन्याचे लाल पाणी

लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे 22 सप्टेंबर 1791 रोजी एका लोहाराच्या घरी मायकेल फॅरडे यांचा जन्म झाला. वडील जेम्स प्रकृतीने अशक्त असल्याने भट्टी वारंवार बंद पडे आणि घरची चूलही मंदावे. 1801 साली इंग्लंडमध्ये धान्य कमालीचे महागले, तेव्हा आठवडाभर पुरवायचा एकच पाव या लहानग्याच्या वाट्याला येई. लिहिणे, वाचणे आणि साधे हिशेब यापलीकडे त्यांचे शालेय शिक्षण गेले नाही.

चौदाव्या वर्षी ते जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांच्या उमेदवारीस लागले. बांधणीसाठी आलेली पुस्तके शिवता शिवता ते वाचू लागले. विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनी त्यांच्यापुढे नवे जग उघडले. केवळ छापले आहे म्हणून त्यांनी काही खरे मानले नाही. परवडेल तेवढ्या साहित्यातून प्रयोग करून ते पडताळून पाहत. शहरातील विज्ञानविषयक व्याख्यानास एक शिलिंग लागे. थोरले बंधू रॉबर्ट यांनी लोहारकामाच्या कमाईतून ते पैसे दिले.

1812 साली दुकानाच्या एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांमुळे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने त्यांना ऐकता आली. त्यांची सचित्र टिपणे स्वतः बांधून त्यांनी डेव्ही यांच्याकडे पाठविली. मार्च 1813 मध्ये त्यांना तेथील प्रयोगशाळेत सहायकाची जागा मिळाली. त्याच वर्षी डेव्ही यांच्यासह युरोपच्या प्रवासास गेले असता त्यांना खासगी नोकराची कामे करावी लागली आणि जेवायला नोकरांच्या पंक्तीत बसावे लागले. 1824 साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, तेही डेव्ही यांचा विरोध असताना.

1831 साली त्यांनी चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधले. वीजनिर्मिती केंद्रांतील जनित्रे याच तत्त्वावर चालतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु वयाच्या पासष्टीत त्यांनी लावलेला आणखी एक शोध फारसा सांगितला जात नाही.

सोन्याच्या क्षाराच्या अतिविरल द्रावणावर त्यांनी फॉस्फरसची क्रिया घडविली, तेव्हा माणकासारखे लाल पाणी तयार झाले. ते इतके नितळ होते की सोने पाण्यात पूर्ण विरघळले असेच कोणालाही वाटावे. फॅरडे यांनी भिंगातून त्यात प्रकाशाचा झोत सोडला आणि बाजूने पाहिले. मिठाच्या स्वच्छ द्रावणात असा झोत दिसत नाही. येथे मात्र प्रकाशाचा शंकू उजळून निघाला. सोने विरघळलेले नाही, त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो त्यांनी 1857 साली रॉयल सोसायटीपुढे मांडला. ते कण दाखवू शकेल असा सूक्ष्मदर्शक त्या काळी नव्हता.

अशा मिश्रणांना 1861 साली थॉमस ग्रॅहम यांनी नाव दिले. आपण त्यांना कलिल म्हणतो. दूध, शाई, धुके, रक्त ही त्याचीच उदाहरणे. कलिलाचे कण साधारणपणे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंतचे असतात. पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देतात. शिवाय सर्व कणांवर सारखाच विद्युतभार असल्यास ते एकमेकांना दूर ढकलतात. म्हणून ते सहसा तळाशी बसत नाहीत. फॅरडे यांनी लाल पाण्यात मीठ टाकले तेव्हा ते निळसर झाले. क्षारामुळे कणांमधील दुरावा टिकत नाही आणि ते एकत्र गोळा होतात, हे त्याचे आज ठाऊक असलेले कारण. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की गाळ खाली बसतो आणि लिंबू पिळले की दूध फाटते, यांमागेही कणांवरील भार नाहीसा होणे हेच कारण आहे. फॅरडे यांनी तयार केलेल्या सोन्याच्या पाण्याच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. मुलांसाठीची नाताळातील व्याख्याने मात्र एकोणीस वर्षी दिली. एका मेणबत्तीच्या आधारे रसायनशास्त्र समजावून देणारी त्यांची व्याख्यानमाला जगभर वाचली गेली. 25 ऑगस्ट 1867 रोजी त्यांचे निधन झाले.

फॅरडे यांना वर्गभेदाचे चटके बसले. तथापि लोहाराच्या मुलाने पुस्तक उघडू नये, असे सांगणारे धर्मशास्त्र त्यांच्या वाटेत नव्हते. आपल्या देशात कष्टकऱ्यांच्या हातांना पिढ्यान्पिढ्या पुस्तकापासून दूर ठेवले गेले. त्या काळात किती फॅरडे भट्टीजवळ, चामड्याच्या कुंडाजवळ, शेताच्या बांधावर विझून गेले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. महात्मा फुले, सावित्रीबाई आणि बाबासाहेब यांनी ती बंद दारे उघडली, म्हणून आपल्या वसतिगृहातील मुलामुलींच्या हाती आज पुस्तक आहे. तथागतांनी शिकविल्याप्रमाणे ऐकलेले पारखून घेण्याची सवय त्यांना लागो. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्यांच्यासाठी रॉबर्टचा तो एक शिलिंग व्हावे, एवढीच या निमित्ताने विनंती.