राणी बाकाबाई भोसले : पदाविना प्रभाव



नेतृत्वाचा विचार करताना आपले लक्ष प्रथम पदाकडे जाते. पद हाती नसताना माणसांवर प्रभाव कसा राहतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजण्यासाठी नागपूरच्या राणी बाकाबाई भोसले यांचे चरित्र उपयोगी पडते. ज्या भोसल्यांच्या वाड्यांमुळे महाल या वस्तीला नाव मिळाले, तेथेच हे चरित्र घडले.

१८१६ साली दुसरे रघूजी भोसले निधन पावले. पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ होते. कारभार आपल्या हाती राहावा म्हणून बाकाबाईंनी दरबारातील एक गट जवळ केला. परंतु परसोजींचे चुलतबंधू आप्पासाहेब यांनी सत्ता बळकावली. पुढील वर्षी परसोजींचा खून झाला, तर नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांकडून भोसल्यांचा पराभव झाला.

आप्पासाहेब पदच्युत झाल्यावर १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा दत्तक घेऊन तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आला. राजा अल्पवयीन होता. राज्याचा कारभार रेसिडेंट जेंकिन्स पाहत असे. बाकाबाईंकडे बालराजाचे पालकत्व आणि वाड्याची व्यवस्था राहिली. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. सैन्य आणि खजिना हातून गेला, तरी घराण्यातील वडीलधारेपण त्यांच्यापाशी उरले. त्यांचा पुढील सारा प्रभाव त्यावरच उभा आहे.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातील हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. वृद्ध बाकाबाईंनी सामान हलविल्यास वाड्याला आग लावण्याची धमकी दिली. तिचा उपयोग झाला नाही.

हा अपमान ताजा असतानाच १८५७ चा उठाव झाला. नागपूरचे लोक वाड्याकडे पाहत होते. बाकाबाईंनी मात्र आपले वजन खर्च करून आप्तांना आणि आश्रितांना उठावापासून दूर ठेवले. १८५८ मध्ये त्या वारल्या. या निष्ठेची दखल घेऊन इंग्रजांनी दत्तकपुत्र जानोजी यांना देऊरचे राजेबहादूर ही पदवी दिली. घराणे टिकले, राज्य परत मिळाले नाही.

जनतेने या निर्णयाचा निवाडा वेगळा केला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात निघणारी काळी मारबत लोकपरंपरेने बाकाबाईंशी जोडली आहे. ज्या शब्दाने आप्त थांबले, त्याच शब्दाने लोक दुरावले. आपण ज्यांच्यावर प्रभाव टाकतो आणि ज्यांना त्याचे परिणाम भोगावे लागतात, ती माणसे नेहमी एकच नसतात. आपल्या घरात वा कार्यालयात निर्णय घेताना हा भेद ध्यानी ठेवा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. बाकाबाईंच्या प्रभावाचा आधार १८१८ नंतर कसा बदलला?
२. १८५७ मधील त्यांचा निर्णय घराण्याच्या आणि जनतेच्या दृष्टीने तपासा.