वडिलांना दिलेला शब्द

बिहारमधील पाटणा शहरात गंगेच्या काठी एक ग्रंथालय आहे. अरबी आणि फारसी हस्तलिखितांसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. ते उभारणारे खुदाबख्श खान राजे नव्हते किंवा नवाबही नव्हते. ते एक वकील होते.

खुदाबख्श यांचा जन्म १८४२ साली झाला. त्यांचे वडील मुहम्मदबख्श हेही वकील होते. त्यांना हस्तलिखिते जमवण्याचा छंद होता. छापखाने नव्हते तेव्हा पुस्तके हाताने लिहून काढत. असे पुस्तक वाळवीने खाल्ले, तर त्यातील विद्या कायमची नाहीशी होण्याची भीती असे. मुहम्मदबख्श यांनी अशी सुमारे १४०० हस्तलिखिते जमवली.

१८७६ साली मुहम्मदबख्श मृत्युशय्येवर होते. हा संग्रह वाढवावा व तो सर्व लोकांसाठी खुला करावा, अशी इच्छा त्यांनी मुलाजवळ व्यक्त केली. खुदाबख्श यांनी तसा शब्द दिला.

शब्द देणे सोपे होते. पाळणे कठीण होते. वकिलीत खुदाबख्श यांनी पुष्कळ पैसा मिळवला आणि तो पुस्तकांसाठी खर्च केला. हस्तलिखिते शोधण्यासाठी त्यांनी मुहम्मद मक्की नावाचा जाणकार माणूस पगारावर नेमला. अरबस्तान, इजिप्त, इराण अशा देशांतून त्याने दुर्मीळ ग्रंथ आणले. मग खुदाबख्श यांनी दुमजली इमारत बांधली. १८९१ साली इमारत आणि सुमारे ४००० हस्तलिखिते त्यांनी लोकांच्या स्वाधीन केली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने या संग्रहासाठी मोठी रक्कम देऊ केली होती, असे सांगतात. पण खुदाबख्श यांनी ती नाकारली.

पुढे सुमारे तीन वर्षे ते हैदराबाद संस्थानात मुख्य न्यायाधीश होते. आपला मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. तेथून ते पाटण्याला परतले. अखेरच्या काळात त्यांना आजाराने ग्रासले आणि कर्जही झाले. कपाटांत लाखमोलाचे ग्रंथ होते; पण ते आता त्यांचे नव्हते, लोकांचे होते. त्यांनी एकही ग्रंथ विकला नाही. शेवटी सरकारने त्यांना कर्ज फेडण्यासाठी मदत केली.

३ ऑगस्ट १९०८ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथालयाच्या आवारातच त्यांची कबर आहे. १९६९ साली संसदेने कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. आज तेथे २० हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. देशोदेशीचे अभ्यासक तेथे येऊन वाचत बसतात. खुदाबख्श यांनी वडिलांना दिलेला शब्द असा खरा केला.