वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं

सोलापूरहून पुण्याला निघालात, की दौंड सुटल्यावर थोड्या वेळाने केडगाव नावाचं छोटं स्टेशन लागतं. एक्स्प्रेसमध्ये असाल तर पाटी वाचेपर्यंत ते मागेही पडतं. पुढच्या वेळी तेवढ्यापुरती मोबाइलमधून मान वर काढा. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावात आहे.

रमाबाईंवर तुम्ही शाळेत टीप लिहिलीच असेल. संस्कृत पंडिता, विधवांसाठी झटल्या, ख्रिस्ती झाल्या. मार्क मिळाले, विषय संपला. पण त्यांच्या शाळेला पैसा कुठून आला? आणि मदत करणाऱ्यांचा धर्म एक, शिकणाऱ्या मुलींचा दुसरा असला, की काय होतं? ते टिपेत येत नाही. म्हणून आज तेच बघू.

रस्त्यावरची विद्यार्थिनी

जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाला. तिची शाळा म्हणजे तीर्थयात्रेचा रस्ता. दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. भावाबरोबर पायी फिरत ती १८७८मध्ये कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. १८८०मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आत तेही वारले. वय २३, पदरात लहानगी मनोरमा.

दुसरं कुणी खचलं असतं. रमाबाई १८८२मध्ये पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच्या शाखा आपल्याकडेही निघाल्या, बरं का! सोलापूर, पंढरपूर, बार्शी. बायकांनी एकत्र बसून शिक्षणावर बोलायचं, ही गोष्टच तेव्हा नवी होती.

डॉलरची गोष्ट

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे गहजब झाला. १८८६मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिल्या. गावोगाव भाषणं दिली, बालवाडीचं शिक्षण घेतलं, इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मागणं एकच : बालविधवांसाठी शाळा काढायचीय, हातभार लावा.

डिसेंबर १८८७मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ठिकठिकाणी छोटी मंडळं निघाली, त्यांना म्हणायचे रमाबाई सर्कल. त्यात वेगवेगळ्या चर्चची माणसं. प्रत्येकाने द्यायचा वर्षाला एक डॉलर, पण सलग दहा वर्षं! यातली ग्यानबाची मेख कळली का? भाषण ऐकून डोळे पाणावले, खिसा रिकामा केला आणि घरी जाऊन विसरलो, असं चालणार नव्हतं. कारण शाळा एका दिवसात संपत नाही. आज पहिलीत आलेल्या मुलीला आठ वर्षांनीही शिक्षक लागतोच.

त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्याच मुलींमधली एक होती गोदूबाई जोशी, बालविधवा. पुढे त्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी गोळा करत हिंडल्या. ज्यांच्या शिक्षणासाठी परक्या माणसांनी डॉलर-डॉलर जमवला, त्यांनी पुढच्या मुलींसाठी पै-पै जमवली.

उघडं दार

आता अवघड भाग. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या.

रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलवत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. पालक आणि सल्लागारांचं म्हणणं, मुली लहान आहेत, तुमच्या आधारावर जगतायत, अशा वेळी उघडं दार हेसुद्धा बोलावणंच. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पंचवीसेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

चूक कुणाची? घाईने निकाल देऊ नका. रमाबाईंनी स्वतःची श्रद्धा लपवावी, असं म्हणणं अन्यायाचं. आणि पालकांची धास्ती अगदीच खोटी होती, असंही म्हणता येत नाही. पण नुकसान कुणाचं झालं ते बघा. काढून नेलेल्या मुलींचं. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

बोस्टनकर मात्र मागे हटले नाहीत. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं. रमाबाईंनीही पुढचा हिशेब केला. १८९८मध्ये मुदत संपली की काय? म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळबाग लावली, कारण शाळेला स्वतःचं उत्पन्न हवं. मग दुष्काळ आला आणि तीच जमीन शेकडो मुलींचा आसरा झाली. एवढ्यांना शिकवायला मास्तरणी कुठून आणणार? आधी शिकलेल्या मुलीच नव्या मुलींना शिकवू लागल्या. मुक्ती मिशन मात्र उघडपणे ख्रिस्ती होतं, तिथे आडपडदा नव्हता. लेक मनोरमाने आईच्या खांद्याला खांदा लावला, पण १९२१मध्ये ती आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

तुमचा डॉलर कोणता?

तुम्ही चर्चच्या युवक संघात असाल, नाहीतर गणेश मंडळात. तुमच्या गल्लीतही एखादी शाळा असेलच. आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारं पोर मराठी वाचताना अडखळतं. तुम्हाला दोन्ही भाषा येतात? मग आठवड्यातला एक तास त्याच्या शेजारी बसून धडा वाचून घ्या. कुणी वाचनपेटीची जबाबदारी घ्या, कुणी दहावीच्या मुलांना गणित सोडवून द्या. आधी मुख्याध्यापकांना भेटा, शाळेला काय हवंय ते विचारा. फोटो आणि बॅनर नंतर.

आणि श्रद्धेचं काय? ती मनात असू द्या, वागण्यातून दिसली तर दिसू द्या. पण वर्गातलं पोर तुमच्या मदतीवर अवलंबून असतं, हे विसरू नका. म्हणूनच आपल्या राज्यघटनेनेही ठरवलंय, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. १८९३चं भांडण आठवलं, की हा नियम का हवा ते कळतं.

एक तास छोटा वाटतो ना? डॉलरही छोटाच होता. मात्र सुरू करण्याआधी स्वतःला विचारा, पुढच्या जूनमध्येही मी इथे असेन का? कारण शनिवारी तुम्ही आला नाहीत, तर दाराकडे बघत बसणारं एक पोर तिथे असेल.