कानगोष्टींची साक्ष

गेल्या मार्गशीर्षातल्या गुरुवारची गोष्ट. आमच्या रिह्यात एकीकडे हळदीकुंकवाला जमलो होतो. बोलता बोलता विषय निघाला गावातल्या एका एकट्या राहणाऱ्या बाईचा. तिला झाडपाल्याची माहिती आहे, लहान मुलांना काढे करून देते. कुणाची तरी गाय मेली होती. एकजण म्हणाली, अमावास्येच्या रात्री तिला शिवेवर पाहिलं. दुसरी म्हणाली, मीही ऐकलंय. चहा होईपर्यंत ‘ऐकलंय’चं ‘पाहिलंय’ झालं आणि करणीचा शब्दही कुणीतरी हळूच उच्चारला.

मैत्रिणींनो, त्या रात्री ती बाई कुठे होती हे मला माहीत होतं. नातेवाइकाला घेऊन ती पौडला दवाखान्यात होती, आणि मी तिच्यासोबत होते. तरी मी बोलले नाही. ओटी घेतली आणि घरी आले.

त्या रात्री झोप लागली नाही आणि सारखा आठवत राहिला तो गार्सिया द ओर्ता. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, गोव्याला सहलीला गेलेल्या तुमच्यापैकी कित्येकींनी ती पाहिलीही असेल. आपण बाकावर बसतो, शेंगदाणे खातो, आणि पाटीवरचं नाव कुणाचं ते विचारत नाही.

हा माणूस 1500 च्या आसपास पोर्तुगालमध्ये जन्मला. आईवडील स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये तिथून ज्यूंना घालवून दिलं म्हणून ते पोर्तुगालला आले, तर 1497 मध्ये तिथल्या राजानं सगळ्या ज्यूंना सक्तीनं ख्रिस्ती केलं. अशा घराण्यांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. नाव बदललं, देवळात जाणं बदललं, पण शेजाऱ्यांच्या डोळ्यांतला संशय काही बदलला नाही.

गार्सिया हुशार. स्पेनमध्ये वैद्यकी शिकला, लिस्बनला शिकवू लागला आणि 1534 मध्ये जहाजावर चढून गोव्याला आला. तो निघाला आणि दोनच वर्षांनी, 1536 मध्ये, पोर्तुगालमध्ये ‘इन्क्विझिशन’ म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. मागे राहिलेल्या त्याच्या बहिणींना लिस्बनमध्ये तुरुंग पाहावा लागला. पुढे आई आणि बहिणी त्याच्याकडे गोव्याला आल्या. समुद्रापलीकडे तरी सुखानं राहू, असंच वाटलं असणार ना त्या बायकांना!

गोव्यात त्याचं नाव झालं. तो पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वैद्य झाला, तसाच आपल्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही. मुंबईचं बेट तर त्याला भाडेपट्ट्यानं मिळालं होतं. आज जिथे इंचभर जागेसाठी माणसं जीव टाकतात, ते बेट एका वैद्याकडे!

पण त्याचा खरा जीव झाडपाल्यात. 1563 मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. हिंदुस्थानातल्या औषधांवरचं, दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपातलं. त्यात काय नाही? नारळ, आंबा, फणस, जांभूळ, आलं, मिरी, दालचिनी, हळद, चिंच, हिंग, विड्याचं पान आणि आपल्या डोंगरातला हिरडा! म्हणजे आपलं अख्खं स्वयंपाकघर आणि आजीबाईचा बटवा. पटकीच्या रोगाचं वर्णनही त्यानं केलं आणि त्याला नाव दिलं ते इथल्या लोकांच्या तोंडचं, आपली मोडशी. लॅटिन भाषांतरामुळे हे पुस्तक युरोपभर वाचलं गेलं.

मला त्याची एक गोष्ट फार आवडते. जुन्या ग्रीक पंडितांनी लिहिलंय म्हणून तो मान डोलवत नसे. झाड स्वतः बघायचं, इथल्या वैद्यांना विचारायचं, चव घ्यायची, मग लिहायचं. त्या पुस्तकात अंतोनिया नावाची एक गुलाम मुलगी येते, ती ताजी पानंफळं आणून समोर ठेवते. साक्षीपुरावा पारखून घेणारा माणूस होता तो.

आणि नेमकं हेच त्याच्या घराच्या वाट्याला आलं नाही.

1560 मध्ये धर्मन्यायालय गोव्यातही आलं. जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्यात त्याचं ठाणं बसलं. लोक त्याला ‘ओरलें घर’ म्हणजे मोठं घर म्हणत. तिथली रीत ऐका. फर्मान वाचून दाखवत की कुणाविषयी काही माहीत असेल तर येऊन सांगा, नाहीतर तुम्हीही दोषी. मग लोक काय सांगत? अमकीनं शुक्रवारी घर झाडून स्वच्छ चादरी घातल्या. तमकीनं संध्याकाळी दिवा लावला. तिच्या घरी डुकराचं मांस शिजत नाही. म्हणजे साक्ष कुणाची, तर चुलीची, चादरीची आणि दिव्याची. बाईच्या रोजच्या कामाचाच पुरावा व्हायचा!

ज्याच्यावर आरोप, त्याला आरोप करणाऱ्याचं नाव सांगत नसत. आपले वैरी कोण असतील ते आठवून त्याची यादी द्यायची. त्या यादीत नेमकं नाव निघालं, तर ती साक्ष कमजोर. म्हणजे अंधारात दगड मारायचा. आता सांगा, कुणाचं देणंघेणं, कुणाची भाऊबंदकी, कुणाचा मत्सर यातून आलेली साक्ष कुठली आणि खरी कुठली, हे निवडणार कसं? शिवाय कोठडीतला छळ होताच.

गार्सिया 1568 मध्ये वारला. त्याच सुमारास बहीण कातारिना पकडली गेली. 25 ऑक्टोबर 1569 ला तिला गोव्यात जिवंत जाळलं. घरच्याच माणसांच्या जबान्यांमध्ये मेलेल्या गार्सियाचंही नाव आलं. 1580 मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली.

अभ्यासकांना आज वाटतं की ते कुटुंब गुपचूप आपला जुना धर्म पाळत असावं. असेलही. पण म्हणून काय? दिवा लावला हा गुन्हा होतो का? जिथे तो गुन्हा ठरतो, तिथे खरी साक्षही घातक आणि खोटी तर स्वस्तच. हा वणवा ज्यूंपुरता थांबला नाही. 1736 च्या फर्मानात तर गोव्यातल्या बाटलेल्या घरांतल्या कितीतरी चालीरीतींवर बंदी आली, अंगणातली तुळससुद्धा सुटली नाही. ते न्यायालय कायमचं बंद झालं 1812 मध्ये. अडीचशे वर्षं हो!

आपल्याकडे 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादीनं करणी केली, ती चेटकीण आहे, असं सांगत सुटणं आणि तिचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे. चांगलंच झालं. पण कायदा येईपर्यंत हळदीकुंकवाची ताटं उचललेली असतात. बोट दाखवणारी एक असते, माना डोलवणाऱ्या दहा, आणि माहीत असून गप्प बसणारी... माझ्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी त्याच घरी गेले. चौघीजणी दळण निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं की ती त्या रात्री पौडला होती, माझ्याबरोबर होती. मग इतके दिवस का नाही बोललीस, असं एकीनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिथून त्या बाईच्या दारात गेले. तिनं पाणी दिलं, बस म्हणाली. तिच्या कानावर सगळं आलं होतं. अंगणात हिरडा वाळत पडला होता. पूर्वी शेजारची पोरं खोकल्याला तो मागायला यायची. आता यायची बंद झालीत, एवढंच ती म्हणाली.

निघताना मी पदरात मूठभर हिरडा मागून घेतला आणि भर रस्त्यातून, सगळ्यांना दिसेल असा, घरी आणला.