वाळवंटाचे वेळापत्रक : सर ऑरेल स्टाइन

उत्तरेच्या उन्हाळ्यात वाढलेल्या आपल्यापैकी कोणालाही मे महिना म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागत, दुपारी लू वाहू लागे आणि शाळेला सुट्टी पडली की आपली मराठी मंडळी ट्रंका भरून गावी निघत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्यही सुट्टी लागताच असेच शहर सोडीत. त्यांचे गाव मात्र फार दूर, हंगेरीत होते. ते जात काश्मीरला. हेच प्राचार्य पुढे सर ऑरेल स्टाइन या नावाने मध्य आशियाच्या वाळवंटांचे शोधक म्हणून जगप्रसिद्ध झाले.

स्टाइन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८६२ रोजी बुडापेस्ट येथे झाला. जर्मनीत त्यांनी संस्कृत आणि प्राचीन इराणी भाषांचे अध्ययन केले. मायदेशी वर्षभर लष्करी सेवा करावी लागली, तीत नकाशे काढण्याची विद्या त्यांच्या हाती आली; पुढे तिचा उपयोग पदवीइतकाच झाला. १८८८ मध्ये ते लाहोरला पंजाब विद्यापीठाचे कुलसचिव आणि ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्य झाले. कचेरीचे काम त्यांना कधीच रुचले नाही. खरे काम सुट्टीत होई. काश्मीरच्या पंडितांच्या साहाय्याने त्यांनी कल्हणाच्या राजतरंगिणीची संहिता सिद्ध केली, आणि आपल्याला अगत्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे ती १८९२ मध्ये मुंबईत छापली गेली. १८९५ पासून सिंध नदीच्या खोऱ्यावरील मोहंद मर्ग या सुमारे अकरा हजार फूट उंचीच्या कुरणावर त्यांचा उन्हाळी तंबू पडू लागला. त्यांना स्वतःचे घर असे नव्हते. विवाहही त्यांनी केला नाही. अर्धशतकभर त्यांचा खरा पत्ता तो तंबूच होता.

याच सुमारास तकलामकान वाळवंटातून वाळूत गाडल्या गेलेल्या नगरांच्या वार्ता येऊ लागल्या. १८९५ च्या एप्रिलमध्ये, उन्हाळा तोंडावर असताना, स्वेन हेडिन हे स्वीडिश प्रवासी त्या वाळूत शिरले होते. पाणी संपले, दोन माणसे दगावली, एक वगळता सारे उंट गेले; हेडिन स्वतः कसेबसे नदीपर्यंत पोहोचले. पुढच्याच हिवाळ्यात ते पुन्हा गेले, तेव्हा त्यांना भग्न नगरे सापडली. स्टाइन यांनी त्यांच्या या दोन्ही प्रवासांपासून बोध घेतला.

तो बोध असा, की वाळवंटात थंडीत शिरावे, कारण थंडीत पाणी घन होते. पाण्याच्या पखाली पाझरतात, टाक्या हिंदकळतात. बर्फाच्या लाद्या मात्र गोणीत भरून उंटाच्या पाठीवर मुकाट्याने येतात. शिवाय खारे पाणी गोठताना त्यातील बरेचसे मीठ बाहेर राहते, म्हणून जो झरा उन्हाळ्यात तोंडात धरवत नाही, त्याचा बर्फ वितळवून पिता येतो. या साध्या गोष्टीभोवती स्टाइन यांनी वर्षाची आखणी केली. वसंतात हिंदुस्थानातून निघून पर्वत ओलांडायचे. उन्हाळा कुनलुन किंवा नानशान पर्वतांच्या थंड उंचीवर मोजणीत घालवायचा आणि दोन वशिंडांच्या उंटांना चाऱ्यासाठी मोकळे सोडायचे. शरद ऋतू सरत आला की वाळूकडे उतरायचे आणि ऊन तापू लागेपर्यंत उत्खनन करायचे. रजा मर्यादित, सरकारी अनुदान मोजके. तेव्हा या वेळापत्रकात एक महिना चुकला तर हंगामच बुडायचा.

पहिल्या मोहिमेसाठी ते मे १९०० च्या अखेरीस श्रीनगरहून निघाले. डिसेंबरात दंदान-ओइलिक आणि जानेवारीत निया येथे खोदकाम झाले. रात्री पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे जाई, तंबूत लिहिणे-वाचणे अशक्य होई. त्यांचा लाडका कुत्रा डॅश काश्मिरी केसाळ कोट घालून झोपे. नियाच्या उकिरड्यांतून खरोष्ठी लिपीतील लाकडी पत्रे निघाली. त्यांची भाषा प्राकृत होती. एप्रिलमध्ये रवाक येथील स्तूपाभोवती भव्य मृण्मय मूर्ती उघड्या झाल्या, पण तोवर ऊन आणि वावटळी सुरू झाल्या होत्या. मूर्ती हलवण्याजोग्या नव्हत्या. त्या पुन्हा वाळूखाली झाकून स्टाइन परतले.

दुसरी मोहीम १९०६ ते १९०८ या काळात झाली. डिसेंबर १९०६ मध्ये लोउलानकडे जाताना उंटांवर आणि गाढवांवर बर्फ लादला होता. गाढवे वाटेत साठा उतरवून माघारी फिरली. मे १९०७ मध्ये तुनहुआंगच्या सहस्रबुद्ध गुहांत वांग नावाच्या पुजाऱ्याकडून त्यांनी हजारो हस्तलिखिते अल्प रकमेत मिळवली. इ. स. ८६८ मध्ये छापलेली वज्रच्छेदिका त्यांत होती. चीनमध्ये आजही या व्यवहाराला लूट म्हणतात, आणि रक्कम पाहता तो शब्द खोडून काढणे कठीण आहे. चरित्र लिहिताना हे झाकण्यात अर्थ नाही. कामाचा आवाका मोठा होता, तशी ही बाजूही मोठी होती.

वेळापत्रक अचूक असले तरी निसर्ग त्याला बांधलेला नव्हता. १९०८ च्या आरंभी तकलामकान उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडताना केरिया नदीचा शेवट अपेक्षित ठिकाणी सापडला नाही. प्रवाहाने पात्र बदलले होते. गोणींतील बर्फ दिवसेंदिवस घटत गेला. फेब्रुवारीत गोठलेल्या नदीचा पांढरा पट्टा दिसला, तेव्हा सर्वांचे प्राण परत आले.

त्याच हिवाळ्यात मीरानच्या भित्तिचित्रांची छायाचित्रे घेऊन ती काढण्यासाठी नाईक रामसिंग या शीख जवानाला त्यांनी पुढे पाठवले होते. (मोजणीदार रामसिंग वेगळे.) तेथे काचबिंदूने आधी त्याचा एक डोळा गेला, मग दुसरा. एका डोळ्याने दिसत होते तोवर त्याने काम थांबवले नाही. जवळचा म्हणावा असा वैद्य वाळवंटापलीकडे होता. रामसिंग अंध होऊन परतला आणि १९०९ मध्ये पंजाबात वारला. स्टाइन यांनी त्याच्या कुटुंबासाठी निवृत्तिवेतन मिळवून दिले. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर एकच नाव असते. बर्फ वाहणारे, खोदणारे, डोळे गमावणारे आतल्या पानांत राहतात.

स्टाइन यांनाही किंमत चुकवावी लागली. कुनलुनच्या घळींत उन्हाळ्यात हिमनद्यांचे पाणी दुथडी भरून वाहते, म्हणून ती पाहणी शरदावर ढकलावी लागे. सप्टेंबर १९०८ मध्ये सुमारे वीस हजार फुटांवर छायाचित्रे घेत उभे असताना ओल्या बुटांत त्यांचे पाय गोठले. याकवर आणि डोलीतून त्यांना लेहला आणले; तेथे उजव्या पायाची बोटे कापावी लागली. उष्म्यापासून ज्याने इतक्या काटेकोरपणे जीव सांभाळला, त्याला थंडीने गाठले. तरी १९१३ मध्ये ते तिसऱ्या मोहिमेवर निघाले. बेझेक्लिकची भित्तिचित्रे त्याच मोहिमेत आली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. शाळेच्या सहलीत आपण बहुधा त्यांच्यासमोरून भरभर चालत गेलो.

अफगाणिस्तानात जाण्याची परवानगी त्यांनी तरुणपणापासून मागितली होती. ती मिळाली तेव्हा वय ऐंशी वर्षांचे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये ते काबूलला पोहोचले. नेहमीप्रमाणे आराखडा तयार होता : थंडीचे महिने हेलमंद नदीच्या खोऱ्यात, तेथील वाळवंटी प्रदेशात घालवायचे. आठवडाभरातच ते आजारी पडले आणि २६ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. काबूलच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरले आहे.