मोटारवाले शेठ वालचंद

धुळ्याला आजोबांनी मला एक जुनी फियाट मोटार दाखवली. नाव इटलीचं, पण बनली मुंबईत कुर्ल्याला! मला नवल वाटलं. गुरुजींना विचारलं, तेव्हा शेठ वालचंद हिराचंद यांची माहिती मिळाली.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. १९१९ साली त्यांनी सिंदिया ही जहाज कंपनी उभी केली. मग मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला. अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीशी जमलं नाही. शेठजी थांबले नाहीत, तिच्या स्पर्धक क्रायस्लर कंपनीकडे गेले. इंग्रज सरकारनं साथ दिली नाही. तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली. १९४७ साली कुर्ल्याहून मोटार बाहेर पडली. सुरुवातीला सुटे भाग परदेशातून यायचे, इथं फक्त जोडायचे. हळूहळू भागही इथंच बनू लागले. पुढं इटलीची फियाटही तिथंच तयार होऊ लागली.

८ एप्रिल १९५३ रोजी शेठजी वारले. फियाट आणि क्रायस्लर २०१४ साली एक झाल्या. पण कुर्ल्यात त्यांच्या गाड्या कितीतरी आधी एकाच कारखान्यात बनल्या होत्या, बरं का!

एकानं नाही म्हटलं म्हणून काम सोडायचं नाही, हे मी शेठजींकडून शिकलो.