नापास रंगांचा कारागीर

दहावीचा निकाल लागला की पनवेलमध्ये पेढ्यांची दुकाने गजबजतात आणि त्याच आठवड्यात घराघरांतून एक मूक प्रतवारी होते. नव्वदच्या पुढचा विज्ञान शाखेला, त्याखालचा वाणिज्यला आणि ज्याचे काहीच जमले नाही तो आयटीआयला! तळोज्याची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर. रसायनी, पाताळगंगाही फार दूर नाहीत. तरीही लेथवर काम करणारा, साचे घडवणारा मुलगा हा आपल्या लेखी उरलासुरलाच. वास्तविक पनवेल हे हातकामाला परके गाव नव्हे. बैलगाडीच्या चाकांसाठी ते एके काळी नावाजलेले होते आणि औषधे बनवणारा धूतपापेश्वरचा कारखाना येथे 1872 साली सुरू झाला. अशा गावातल्या नववी-दहावीच्या मुलांना कारखान्याची ओळख करून द्यायची तर कोणाच्या आयुष्यापासून सुरुवात करावी? लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या, असे मला वाटते.

20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. शाळेत त्यांचे मन रमेना. चित्रे काढावीत, यंत्रे खोलून पाहावीत, एवढेच त्यांना आवडे. आजच्या पालकांनी कपाळाला हात लावला असता. लक्ष्मणरावांच्या घरीही फार निराळे झाले नसावे, पण वडीलबंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि हा मुलगा मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तेथे दोन वर्षांनी जे कळले ते चित्रकार होऊ पाहणाऱ्याला हादरवणारेच होते. त्यांना काही रंगांमधला फरक दिसत नव्हता. रंगचित्रांचा मार्ग बंद झाला. पण पट्टी, कंपास आणि पेन्सिल यांना रंग लागत नाही. त्यांनी यंत्रांच्या आराखड्याचे रेखाटन धरून ठेवले आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळवली. तेथे शिकवता शिकवता ते स्वतःच शिकले. कर्मशाळेतली यंत्रे हाताळली, बिघडलेली दुरुस्त केली, अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके चाळली. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. याचा अर्थ पदवी निरुपयोगी असा मात्र कोणी काढू नये. स्वतःच्या मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी यंत्रविद्या शिकायला थेट अमेरिकेतील एमआयटीला पाठवले.

दरम्यान भावाच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. हे 1888 साल. मुंबईहून सायकली पाठवायच्या, बेळगावात विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे! पुढे बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. अपमान गिळून महिन्याचा पगार घेत राहणे सोपे होते.

दुकानाच्या जोडीला छोटी कर्मशाळा आली. आधी कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, घेणारा मात्र मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. वस्तू घडवणे हे निम्मेच काम असते, उरलेले निम्मे वापरणाऱ्याच्या बांधावर जाऊन करावे लागते. शाळेच्या सहली कारखान्यात नेल्या जातात तेव्हा मुलांना यंत्रे दाखवतात, पण त्या दोन वर्षांची गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले आणि बेळगाव नगरपालिकेने कर्मशाळेची जागा सोडायला सांगितली. आधार दिला औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. बिनव्याजी दहा हजार रुपये आणि कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर जमीन. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि नागांची वस्ती. मार्च 1910 मध्ये जेमतेम पंचवीस कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

तिथली माणसे पाहिली की आजच्या मुलाखत-मंडळांना घेरी येईल. शंभूराव जांभेकर परीक्षेत नापास झालेले, पण अभियंत्याचे काम पाहात. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती, पण त्यांचे डोके यंत्रात चाले. राखणदार म्हणून घेतलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग पूर्वीचे दरोडेखोर. जातीच्या विटाळाला वाडीत थारा नव्हता. माणसाच्या कागदांपेक्षा त्याच्या हाताकडे पाहायची ही रीत उदारपणाची होती, तशीच गरजेचीही. त्या माळरानावर शिकलेसवरलेले येणार कोण?

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाला. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा जाळून पाहिला गेला आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. तोफांच्या ओतीव लोखंडाचे नांगर झाले! पुढे ऊस पिळण्याची, भुईमूग फोडण्याची यंत्रे आली. शंतनुराव 1926 साली परतले आणि पंपांच्या, नंतर इंजिनांच्या कामाला वेग आला.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्थानकाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. पुणे-मिरज मार्गावर गाडी तेथे थांबते आणि शेजारच्या कारखान्यात पंप तयार होतात.